पुढची काच

ऑक्टोबर आला की मुंबईत दोन सूर्य होतात. एक देवाने दिलेला. तो ठरल्याप्रमाणे वरळीच्या समुद्राकडे उतरत जातो, कुणाला त्रास देत नाही. दुसरा बिल्डरने दिलेला. तो संध्याकाळी परळच्या डोक्यावरच्या काचेच्या टॉवरमध्ये, कुठल्याशा उंच मजल्यावर पेट घेतो आणि तिथून सरळ माझ्या डोळ्यांत घुसतो. वरळीहून लालबागकडे घरी यायला निघाले की पाठीला खरा सूर्य, तोंडावर खोटा, आणि मध्ये मी, कढईतल्या भज्यासारखी दोन्हीकडून तळली जाते आहे!

काल तशीच सिग्नलला उभी होते. पुढची काच सगळी पांढरी झालेली. सिग्नल लाल आहे की हिरवा, काही दिसेना. मागचा टॅक्सीवाला हॉर्नवर हात ठेवून झोपी गेला असावा. मी खिडकीतून डोकं काढून त्याला म्हटलं, "अहो, तुम्हाला दिसतोय का रंग? मग ओरडून सांगा ना, वाजवता कसले?" तो हसला, मेला. मी मात्र हसले नाही. मला राग चांगला येतो. आमच्या घरात काहींना गाणं येतं, काहींना मोदकाची कळी पाडता येते; मला राग येतो, आणि ऑक्टोबर हा माझ्या रियाजाचा महिना.

कारण उजेड एकटा कधीच येत नाही. तो काचेवरच्या प्रत्येक डागाला उठवून बसवतो. पावसाळाभर काचेवर काय काय साचलं होतं ते ढगांनी झाकून ठेवलेलं असतं. ऊन तिरपं झालं की सगळी मंडळी स्टेजवर हजर! सुकलेल्या थेंबांच्या पांढऱ्या कडा. वायपरने एकाच रेषेत ओढत नेलेली चिखलाची कमान. वरच्या एसीतून ठिबकणाऱ्या पाण्याचे रांगोळीसारखे ठिपके. आणि कबुतरं. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या परबकाकी गॅलरीत उभ्या राहून रोज सकाळी त्यांना चणे टाकतात. पुण्य त्यांच्या खात्यात, बाकीचं माझ्या काचेवर. "काकी, तुमची पाखरं माझ्या गाडीवर येऊन आशीर्वाद देतात," असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाल्या, "मुकी जनावरं ती, त्यांना काय कळतंय?" मग मला कळतंय म्हणून मीच पुसायचं का?

पण कबुतरांचं पाणी मारलं की जातं. खरा वैरी निराळा. बाजूची चाळ पाडून तिथे इमारत चढत होती, त्या वर्षीची गोष्ट. हिरव्या जाळीच्या आडून वरच्या मजल्यावरून सिमेंटचं पाणी उडायचं आणि वाऱ्यावर तरंगत आमच्या गल्लीतल्या गाड्यांवर येऊन बसायचं. बारीक, राखाडी थेंब. पहिल्या दिवशी पुसले तर पुसले. दुसऱ्या दिवशी ते काचेचेच होऊन बसत. नख मोडेल, पण थेंब हलणार नाही. साइटवरच्या सुपरवायझरला सांगायला गेले, तर तो मान वर करून जाळीकडे बघत म्हणाला, "मॅडम, गाडी दुसरीकडे लावा ना." दुसरीकडे! लालबागमध्ये! माणूस म्हणावं की काय त्याला!

त्या ऑक्टोबरची आठवण आली की माझ्या नाकात अजून ओल्या वर्तमानपत्राचा वास येतो. शाई, पाणी आणि काचेवर तापलेली धूळ. तो वास म्हणजे माझे सासरे, अप्पा.

अप्पांनी जन्मभर बस चालवली. डबल डेकर. निवृत्त झाले तरी त्यांच्या चालण्यात बस होती. घराच्या पॅसेजमध्येसुद्धा वळण रुंद घ्यायचे. सकाळी चहाच्या आधी खाली जायचे, बादलीत पाणी घ्यायचे आणि कालच्या पेपरचा बोळा करून आमच्या गाडीची काच पुसायचे. बाकीच्या गाडीशी त्यांना देणंघेणं नव्हतं. टपावर कबुतरांनी वस्ती केली तरी चालेल, पुढची काच लखलखीत हवी. "काच बघून डायव्हर कळता," हे त्यांचं म्हणणं. अप्पा मालवणचे. पन्नास वर्षं मुंबईत काढली, पण मुंबई त्यांच्या जिभेपर्यंत पोचली नाही.

गाडी चालवायला मला त्यांनीच शिकवलं. नवऱ्याने, म्हणजे संजयने, एक दिवस शिकवून पाहिलं आणि आमचा संसार वाचावा म्हणून सोडून दिलं. मग रविवारी सकाळी वरळीला समुद्राच्या कडेने अप्पा आणि मी. ते डावीकडे ताठ बसलेले, मांडीवर हात, जणू मागे दोन मजली पब्लिक भरलंय. "आरशात बघ. आता परत बघ. घंटी वाजली? मग सोड हळूहळू." कंडक्टरची घंटी कुठली, गाडीत आम्ही दोघंच! पण मी आजही मनातल्या मनात घंटी वाजल्याशिवाय क्लच सोडत नाही. पहिल्यांदा मी एकटीने हिंदमाताच्या त्या साड्यांच्या आणि माणसांच्या पुरातून गाडी काढली, तेव्हा दुकानाच्या पायरीवर उभ्या असलेल्या माझ्या बहिणीला ते म्हणाले होते, "बघ, माझी सून. बस दिलंत तर बस पण चालवतली."

तेच अप्पा. आणि त्या ऑक्टोबरात त्यांच्याशीच माझं युद्ध जुंपलं. युद्ध एका चावीसाठी.

झालं असं, की नवरात्र बसायच्या आधीच अप्पांना काच घाण दिसू लागली. म्हणजे जास्तच घाण. पुसून झाली की चार पावलं मागे जाऊन डोळे बारीक करायचे, परत पुढे यायचे, परत घासायचे. "धुक्यासारखा दिसता गे," म्हणायचे. समोरून गाडी आली की दिव्याभोवती फुलं दिसतात म्हणायचे, मोठ्ठी, झेंडूएवढी. आता समोरच्या गाड्यांचे ते नवे पांढरे दिवे मलाही सहन होत नाहीत. डोळ्यांत टॉर्च मारून विचारपूस करतात असं वाटतं. आणि सिमेंटचे डाग तर काचेवर खरोखरच होते. त्यामुळे पहिले काही दिवस मीही त्यांच्याच बाजूने होते. आम्ही दोघांनी मिळून बिल्डरला, सूर्याला, कबुतरांना आणि परबकाकींना यथेच्छ शिव्या दिल्या. काय मजेचे दिवस होते!

मग पेपर हरला. अप्पांनी व्हिनेगर मागितलं, दिलं. दंतमंजन मागितलं, तेही दिलं. गाडीला आठवडाभर लवंगेचा वास येत होता. कापलेला बटाटाही फिरवून झाला. आणि एका सकाळी मी भांडी घासायला गेले तर तारेची घासणी गायब, भांड्याच्या पावडरचा डबाही गायब.

खाली जाऊन बघते तो अप्पा बॉनेटवर ओणवे. डाव्या हाताने आधार घेतलेला, उजव्या हाताने घासणी. गोल. गोल. गोल. जन्माचं वैर असल्यासारखे काच घासत होते. पावडरचा पांढरा लगदा वायपरवर ओघळत होता.

"अप्पा! अहो काय करताय? चरे पडतील!"

"चरे? सिमेंट जाता बघ. हात लावून बघ."

सिमेंट गेलं होतं, खोटं कशाला बोलू. पण त्या जागी काचेवर वर्तुळं उमटली होती. एकात एक, एकावर एक, कोळ्याने जाळं विणावं तशी. सकाळच्या सावलीत ती नीट दिसेनात. संध्याकाळी मी परळच्या वळणावर आले, टॉवरमधला तो सूर्य काचेवर आदळला, आणि प्रत्येक चरा पेटला. माझ्यासमोर रस्ता नव्हता, चांदीच्या तारांचा गोंधळ होता! मी गाडी बाजूला घेऊन उभी राहिले आणि मोठ्याने ओरडले. कुणावर, ते ठरेना. टॉवरवर ओरडले बहुतेक. तो जवळ होता आणि मोठाही.

घरी आल्यावर म्हटलं, "अप्पा, डोळे तपासून घेऊया."

"माका सगळा दिसता."

"मग ती झेंडूची फुलं?"

"ती काचेत हत. मिया तुका गाडी शिकवलंय आणि तू माका शिकवतंस?"

संजय तेव्हा काय करत होता? संजय मोबाइल चार्ज करत होता. आमच्या घरात वाद पेटला की त्याच्या मोबाइलची बॅटरी नेमकी संपते. "संजय, तू बोल ना काहीतरी," म्हटलं तर म्हणाला, "मी काय बोलणार? दोघंही बरोबर आहात." दोघंही बरोबर! असं म्हणणाऱ्या माणसाला उचलून त्या टॉवरच्या गच्चीवर ठेवायला हवं, भर उन्हात.

मी चावी लपवली. तांदळाच्या डब्यात. कारण दसरा येत होता.

दसऱ्याचं आमच्याकडे असं आहे, की गाडीची पूजा झाली, चाकाखाली लिंबं ठेवली, बॉनेटला झेंडूचा हार बांधला, की पहिली फेरी अप्पांची. डेपोत दसऱ्याला बसना हार चढायचे, आंब्याच्या डहाळ्या लागायच्या, आणि अप्पा ती सजलेली बस रस्त्यावर काढायचे. लोक हात करायचे म्हणे, लग्नाच्या घोड्याला करतात तसे. निवृत्तीनंतर तो मान आमच्या छोट्या गाडीकडे आला. वर्षभर त्यांना गाडी चालवायची हौस नसे. गर्दी नको म्हणायचे. पण ही एक फेरी त्यांची. लालबाग ते वरळी, समुद्राला गाडी दाखवायची आणि परत. त्या फेरीसाठी ते तीन दिवस आधी दाढीचं ब्लेड बदलत.

दसऱ्याला सकाळी पूजा झाली. श्रीखंड-पुरी झाली. वामकुक्षी झाली. मग इस्त्रीचा शर्ट घालून अप्पा पुढ्यात येऊन उभे राहिले आणि त्यांनी हात पुढे केला. नुसता तळहात. बस सुटायच्या आधी कंडक्टरकडे बघावं तसे बघत होते.

मी भांडायची सगळी तयारी केली होती. वाक्यं पाठ होती. तो तळहात बघितला आणि सगळी वाक्यं गिळली. तांदळात हात घातला, चावी काढली, दिली. चावीला तांदळाची पूड लागली होती. ती त्यांनी शर्टाला पुसली आणि म्हणाले, "बरी जागा शोधलंस."

जाताना सगळं झकास. अप्पांचे हात स्टिअरिंगवर पडले की अजून राजाचे होते. वरळीला समुद्राला गाडी दाखवली. मी डाव्या सीटवर, संजय मागे. परत फिरलो आणि उजेड पुढे आला. टॉवर पेटला. त्या वर्तुळांनी आग धरली. मी बघितलं, अप्पांनी मान पुढे काढली होती, हनुवटी जवळजवळ स्टिअरिंगवर. गाडीचा वेग कमी नव्हता.

रस्त्याच्या कडेला एक बाई झेंडूचा ढीग मांडून बसली होती. दिवस संपत आला होता, उरलेला माल टोपलीत भरून ती नुकती उभी राहिली होती, रस्त्यावर एक पाऊल टाकून. केशरी टोपली, हिरवी साडी. यापेक्षा ठळक माणूस मुंबईत सापडणार नाही.

"अप्पा, बाई!" मी किंचाळले. "ब्रेक!"

त्यांचा पाय मात्र अजून बस ड्रायव्हरचा होता. गाडी जागेवर रुतली. बॉनेटवरचा हार तुटून पुढे उडाला. बाई मागे सरकली, टोपली सुटली आणि सगळा रस्ता केशरी झाला.

मग ती बाई कमरेवर हात ठेवून आमच्या काचेसमोर आली. "ओ आजोबा! डोळे घरी ठेवून आलात काय पूजेला? सणासुदीचं मला वर पाठवता!"

अप्पा खाली उतरले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. पण तोंडातून निघालं काय? "बाई, काच बघ. ही काच बघ कशी झाली हा."

"काच? मी काचेतून चालले होते का?"

संजय आणि मी रस्त्यावर ओणवे होऊन फुलं गोळा करू लागलो. मागून हॉर्न. मला राग आला होता, आणि तो कुठे ठेवावा कळत नव्हतं. बिल्डरवर ठेवला तर पुरत नव्हता. अप्पांवर ठेवायला जीव होत नव्हता. मी झेंडू टोपलीत टाकत होते की फेकत होते, त्या बाईलाच ठाऊक. शेवटी तीच म्हणाली, "हळू गं ताई. फुलांनी काय केलंय?"

घरी मी गाडी आणली. रात्री जेवताना अप्पा म्हणाले, "ती काच बदला. माणूस मरात एखादा."

मी म्हटलं, "बदलू. पण दोन्ही तपासू. काचही आणि डोळेही. ज्याचा दोष असेल त्याला शिक्षा."

"चलात," म्हणाले. इतक्या विश्वासाने, की मलाच कसंतरी झालं.

डोळ्यांच्या डॉक्टरने भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. अप्पा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या बोर्डाची काच पण पुसूक व्हयी." बोर्डाला काच नव्हती. डॉक्टर तरुण होती, हसली नाही, हळूच म्हणाली, "आजोबा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. चांगला पिकलाय. ती फुलं तुमच्या आत आहेत." अप्पांनी तिच्याकडे, मग माझ्याकडे, मग कोऱ्या भिंतीकडे पाहिलं. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "आधी डोळे. काच मगे."

दोन्ही डोळे झाले तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती. काळा चष्मा निघाला त्या सकाळी अप्पा चहाच्या आधी खाली उतरले. बादली, पेपर, सगळा सरंजाम घेऊन. मी आणि संजय मागोमाग. ते गाडीपाशी गेले. ऊन नुकतं गल्लीत शिरलं होतं आणि तिरपं काचेवर पडलं होतं.

अप्पा थांबले. वाकले. बादली खाली ठेवली.

"ह्या कोणी केल्यान?"

संजय आकाशातलं विमान बघू लागला. विमान नव्हतं.

"कोणी केल्यान ह्या? काचेचो सत्यानाश! कोण मेलो ह्यो?" गल्ली दणाणली. परबकाकी चण्यांचा डबा घेऊन गॅलरीत आल्या. काय आवाज होता तो! अख्ख्या ऑक्टोबरात मी जेवढी चिडले नव्हते, तेवढा तो माणूस एका मिनिटात चिडला.

माझ्याकडे उत्तर तयार होतं. महिनाभर घोळवलेलं, धार लावलेलं. तांदळाच्या डब्याचा, झेंडूच्या टोपलीचा, सगळ्याचा हिशेब एका वाक्यात. तोंड उघडलं आणि म्हणाले, "कबुतरांनी."

"कबुतरांनी?"

"चोचीने. तुम्ही ऑपरेशनला होता ना, तेव्हा."

वरून परबकाकी म्हणाल्या, "माझी कबुतरं असलं काही करत नाहीत हं!"

अप्पा काचेच्या अगदी जवळ गेले. एका वर्तुळावर उजवा तळहात ठेवला. डावा हात आपसूक बॉनेटवर टेकला. मग तळहात सावकाश फिरवला. गोल. तो एका वर्तुळातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा गेला, की जणू रोजचाच रस्ता होता. हात पोचतो तिथपर्यंतच चरे होते. पलीकडे, डाव्या सीटसमोर, सिमेंटचे थेंब तसेच, पण चरा एकही नाही.

काचेत त्यांना काय दिसत होतं, मला माहीत नाही. हिरवी साडी दिसली असावी.

मग सरळ झाले. माझ्याकडे बघून म्हणाले, "कबुतरां गोल गोल नाचली वाटता."

आणि बॉनेटला वळसा घालून, नेहमीसारखं रुंद वळण घेत, डावा दरवाजा उघडून आत बसले. पट्टा लावला. मांडीवर हात ठेवले. "चल. काच बदलूक जावया. तू चालव."

मी तिथेच उभी. ज्या सीटसाठी महिनाभर भांडले ती सीट रिकामी पडली होती, आणि मला इतका राग आला म्हणता! दिसत नव्हतं तोवर हा माणूस कुणाच्या बापाचं ऐकत नव्हता. आता स्वच्छ दिसायला लागलं, तर उठून बाजूला बसला. आता तर चालवू शकला असता! मी तसं बोललेसुद्धा, खिडकीत वाकून. "अप्पा, डॉक्टर म्हणाली आहे, महिन्याभराने चालवा बिनधास्त."

"माका दिसला," ते म्हणाले. "म्हणान तर."

दिसलं म्हणूनच! मी वळसा घालून स्टिअरिंगवर जाऊन बसले.

काच बदलली. नवी काच बिनचऱ्याची, पाण्यासारखी. बाजूची इमारत पुरी झाली, जाळी उतरली, सिमेंट थांबलं. कबुतरं आहेतच. अप्पा रोज सकाळी काच पुसतात, फक्त पेपरने, आणि घासणी मी अजून कपाटात कुलपात ठेवते. दसऱ्याला हार बांधला जातो, लिंबं चिरडली जातात, पहिली फेरी होते. चावी ते माझ्या हातात देतात. दरवर्षी मी "तुम्ही घ्या ना" म्हणते, दरवर्षी ते डावीकडे जाऊन बसतात, दरवर्षी मी चिडते.

टॉवर मात्र तिथेच आहे. त्याला मोतीबिंदू होत नाही, त्याचं ऑपरेशन कोणी करत नाही. काल सिग्नलला त्याने पुन्हा मला आंधळं केलं. मी त्याला, बिल्डरला, मागच्या टॅक्सीवाल्याला आणि सबंध ऑक्टोबर महिन्याला नावं ठेवत होते. तेवढ्यात डावीकडून एक सुरकुतलेला तळहात आला आणि बरोबर माझ्या डोळ्यांसमोर आडवा उभा राहिला. सूर्य गेला. सिग्नलही गेला. रस्तासुद्धा गेला.

"अप्पा, हात काढा! मला काही दिसत नाहीये!"

"माका सगळा दिसता," अप्पा म्हणाले. "हिरवो झालो. आरशात बघ. आता सोड हळूहळू."

आणि त्यांनी हात खाली घेतला.

मी आरशात बघितलं. परत बघितलं. घंटी वाजली. निघाले.